न कापलेला तोडा

वाशीमच्या शाळेत जानराव मास्तर शास्त्र शिकवत. सन छत्तीसच्या हिवाळ्यात त्यांचा शेजारी रहीम घाबरा होऊन त्यांच्याकडे आला. रहीम आणि त्याचा म्हातारा बाप तय्यब चांदीचे दागिने घडवत. रिठदच्या नानाजींनी सुनेसाठी त्यांच्याकडून चाळीस-चाळीस तोळ्यांचे तोडे करून घेतले होते. त्यातल्या एकात शिसं असल्याचा आता त्यांना संशय आला होता. वजन बरोबर, कसोटीवरही चांदीच. पण आवाज बद्द. कापून पाहावा, तर सून विजयमाला सौभाग्याचं लेणं छिन्नीखाली द्यायला तयार नव्हती.

जानरावांचा रहीमवर विश्वास होता. ते म्हणाले, न कापताच दाखवतो. शिसं जवळपास चांदीइतकंच भारी, पण उष्णता चांदीच्या निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच धरतं. गरम तोड्यानं पाणी किती तापतं, त्यावरून आत काय आणि किती, ते कळतं.

रविवारी शाळेत नानाजी आणि रहीम समोर बसले. तोडा उकळत्या पाण्यात ठेवला, मग झटकन काढून वीस तोळे गार पाण्यात सोडला. पाणी वीस अंशांवर होतं. निखळ चांदी असती तर पारा अठ्ठावीसपर्यंत चढला असता. तो सत्तावीसच्याही खाली थांबला. जानरावांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. हिशेब एकच येत होता: चाळीस तोळ्यांत सोळा तोळे शिसं.

रहीमनं हळूच विचारलं, "मास्तर, तुमचा पारा चुकू शकते ना?"

जानरावांना हो म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी मान हलवली, नाही.

रहीमनं तोडा पाण्यातून काढून पुसला. मग नानाजींना म्हणाला, "म्याच भरलं शिसं."

जानराव चमकले. ज्याला शिसं ठाऊक होतं, तो आपण होऊन तपासायला आलाच नसता. रहीमला पोलीस घेऊन गेले, तेव्हा ते तडक त्याच्या घरी गेले. भट्टीपाशी तय्यब बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मूस उलटली, मास्तर. राखेत सांडलेली चांदी मले दिसेना. झाडून ठेवली, तं दुसऱ्या दिवशी झारेकरी राख धुवायले घेऊन गेला. चांदी कमी पडली, तिथं म्या शिसं भरलं. आता हातून काम होत नाही म्हणून पोराले कसं सांगू?"

जानरावांनी कोठडीत जाऊन रहीमला विनवलं. त्यानं उलट त्यांचेच पाय धरले. "अब्बा जेलात चार दिस जगनार नाही. तुमी बोलू नका."

कोर्टात जानरावांना साक्षीला बोलावलं. शिसं कोणी भरलं, हे कोणी विचारलंच नाही. वकिलानं एवढंच विचारलं, तुमचा आकडा बरोबर आहे का?

"बरोबर आहे," जानराव म्हणाले.

रहीमला सहा महिन्यांची सजा झाली.