न उचलायचा फोन

धुरपताच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे, महादेवप्पांनी ते तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. तिने निळ्या आंतरदेशीय पत्रात एवढंच विचारलं होतं, की वसतिगृहाला फोन कधी लावू? संध्याकाळी कधीही लावला तरी एंगेज. माझा स्वतःचा फोन नाही, शेजारणींचा मागून घेते, किती जणींपुढे हात पसरू? लेकीचा, राजकन्येचा, आवाज ऐकून महिना झाला. सोय होत नसेल तर दिवाळीत येऊन तिला घरी नेते, क्लास राहू द्या.

धुरपता परकी नव्हती. भूकंपात आईबाप गेले तेव्हा चौदा वर्षांची ती लातूरच्या याच वसतिगृहात आली होती. त्याला आता वीस वर्षं झाली. ती निलंग्याकडच्या एका खेड्यात नांदायला गेली, आणि भूकंपातल्या पोरींसाठी निघालेलं वसतिगृह क्लासला येणाऱ्या पोरींनी भरून गेलं. साठ मुली, मोबाईलला बंदी आणि फोन एक. निवृत्त ग्रंथपाल महादेवप्पा संस्थेचे सचिव होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

कोणतीही वेळ कळवली तरी ती खोटी ठरणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी फोनची सोय, मग उत्तर.

इंटरनेटवरून फोन चालतो, एकाच नंबरवर एका वेळी पाच-दहा जण बोलतात आणि स्वस्तात पडतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. कुठला घ्यावा, हे मात्र कुणीच सांगेना. एक कंपनी दर टेबलामागे, म्हणजे फोनवर बसणाऱ्या दर माणसामागे, पैसे घ्यायची. तुमच्याकडे टेबलं किती, असं तिच्या माणसाने विचारलं तेव्हा महादेवप्पांनी भोजनगृहात जाऊन टेबलं मोजली आणि अठरा सांगितली. अठरा फोनांचं कोटेशन आलं. दुसरी कंपनी महिनाभर फुकट म्हणायची आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागायची. तिसरीचं माहितीपत्रक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं. शब्द सगळे कळले, वाक्य एकही नाही. त्यात संस्थेचा नियम असा, की तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी करायची नाही, आणि तिसरं काही येईना. आपल्या जागी दुसरा कुणी असता तर आठ दिवसांत उरकून मोकळा झाला असता, असं त्यांना रोज वाटायचं.

शेवटी गंजगोलाईजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला मुज्तबा आठ दिवस वापरून बघा म्हणाला. त्याने यंत्र बसवलं. फोन लावला की पहिल्याच रिंगला एक गोड बाई बोलायची, आपलं स्वागत आहे, कार्यालयासाठी एक दाबा, मुलींसाठी दोन. एंगेज लागण्याचा प्रश्नच मिटला. महादेवप्पा त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

चार दिवस गेले आणि खेड्यांवरून एकही फोन आला नाही. पाचव्या दिवशी राजकन्येने पेटी भरली. आई मला विसरली, म्हणाली.

महादेवप्पांनी रेक्टर शांतम्माला बोलावून विचारलं, बायकांना दोन दाबता येत नाही का?

"सर, त्या बाया फोन उचलावा म्हणून लावतच न्हाईत," शांतम्मा म्हणाली. "उचलू नये म्हणून लावतात."

मग सगळं निघालं. दोन रिंग द्यायच्या आणि कापायचं, ही वसतिगृहाची जुनीच रीत होती. फोनशेजारच्या डबीवर आलेला नंबर बघून शांतम्मा उलट फोन लावून द्यायची, आणि त्या उलट फोनांनीच लाईन अडून राहायची. गोड बाई पहिल्या रिंगलाच उचलायला लागल्यावर मागून आणलेल्या फोनातला बॅलन्स कटला, शेजारणी कुरकुरल्या, आया गप्प बसल्या. हे महादेवप्पांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते पाचला घरी जात. तरी आपल्याला माहीत नव्हतं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

ते तसेच मुज्तबाच्या दुकानात गेले.

"काका, कंपनीचं नावच ह्याच्यावर हाय की एकबी कॉल सुटत न्हाई," मुज्तबा म्हणाला.

"मला सुटायलाच पाहिजेत." आवाज त्यांच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, पण आता थांबता येईना. "दीड महिना झाला, जो तो मला फोन उचलायच्या युक्त्या सांगतोय. मला न उचलणारा फोन दे."

"असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघून राहिलो." मुज्तबा हसला, मग हसता हसता थांबला. "आमची अम्मीबी उदगीरहून तसंच करती. एक रिंग, न् बंद."

त्याने गोड बाईला काढून टाकलं. आता नुसती रिंग वाजणार, नंबर पडद्यावर खाली खाली येत जाणार, त्यावर बोट ठेवलं की इंटरनेटवरून उलट फोन लागणार, पाच मुली एका वेळी बोलणार. बाई नाही, टेबलं नाहीत, म्हणून खर्च निम्म्याहून कमी. हे माहितीपत्रकात का नाही, असं महादेवप्पांनी विचारलं.

"मागतंय कोण?"

तिसऱ्या कोटेशनची वाट न बघता त्यांनी सही केली. अध्यक्ष विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे घरी जाईपर्यंत चार तऱ्हांनी घोळवलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मुलींनी पाठ असलेल्या नंबरांवर गावाकडे निरोप धाडले आणि संध्याकाळी पडदा नंबरांनी भरला. राजकन्येने एकेक नंबर लावून बघितला, आई कुठल्याच फोनवर नव्हती. गावातला एकही नंबर तिला पाठ नव्हता. दिवाळीला नऊ दिवस उरले होते.

सकाळी महादेवप्पांनी पत्र लिहायला घेतलं. आधी टेबलांपासून सुरुवात केली, ते खोडलं. नवा कागद घेतला.

"चि. सौ. धुरपता हिस आशीर्वाद. फोन कधीही लाव. दोन रिंग झाल्या की काप. कुणाचा पैसा जाणार नाही. राजकन्या लगेच उलट लावील, ती वाट बघते आहे. तुला उत्तर द्यायला फार उशीर केला."

अर्धा कागद कोरा राहिला. तो भरावा का, असं त्यांच्या मनात आलं. पण निलंग्याच्या टपालाची थैली साडेअकराला जाते असं पोस्टातल्या माणसाने आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि अकरा वाजून गेले होते. रस्ताभर क्लास सुटलेली पोरं होती. त्यांच्यातून वाट काढत ते पोस्टात पोचले, पत्ता एकदा वाचून बघितला आणि पत्र पेटीत टाकलं.