राखीवला आत घेतलं

सकाळपासून ताईच्या डोक्याला नुसता ताप होता. संध्याकाळी पाचला युद्धाविरुद्धचा मोर्चा, तीस फलक कापायचे बाकी, आणि छपाईखान्यात चर्चा कसली, तर टीममध्ये कोणाला खेळवायचं! खरे खेळाडू निवडायचे, मोबाइलवर खोटी टीम करायची; त्यांनी मैदानात गोल मारला की गुण आपल्याला.

"सातवा महिना चाललाय युद्धाचा. दवाखान्यात साध्या सुया नाहीत, सगळा पैसा तोफांच्या घशात! आणि तुम्हाला त्या लंगड्या खेळाडूच्या गुडघ्याचं पडलंय!" ताईने कात्री आपटली.

"लंगड्याला राखीव ठेवा म्हणून काल तासभर भांडलं कोण?" डिझाइन करणारे मास्तर शांतपणे म्हणाले.

तेही खरंच होतं म्हणा. टीम तिघांची होती: मास्तर, ताई आणि तिचा धाकटा भाऊ ढापण्या. ढापण्या इथेच यंत्र चालवायचा, आज सुट्टी टाकून घरी होता. सैन्यातून सुटून त्याला दोन वर्षं झाली, तरी सरकारच्या राखीव यादीत त्याचं नाव होतंच. गल्लीतल्या दोघांना बोलावणं आलं होतं. दाराची बेल वाजली की ताई आधी खिडकीतून बघायची. मोर्चातही ती त्याच्यासाठीच चालली होती, उगाच देशाबिशाचं नाव कशाला घ्या. ढापण्याला मात्र कशाचं गांभीर्य म्हणून नाही, घरात मीठ संपलं तरी टीमच्या भाषेत सांगणार.

बाराला टीम बंद व्हायची, मग बदल करता यायचा नाही. पावणेबाराला तिघांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "राखीवला आत घेतलं. नाइलाज आहे."

ताईचं टाळकंच सरकलं. "घेतलं बघा शेवटी त्या लंगड्याला!" म्हणत तिने फटाफट लिहिलं, "कुणाला विचारून? जा, मर तिकडे!" लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या.

मास्तरांनी टीम उघडली. लंगड्या बाकावरच बसलेला होता.

"ताई, यात काहीच बदललेलं नाही गं," ते म्हणाले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. शिक्का मारलेलं पत्र, त्यावर ढापण्याचं नाव, आज दोन वाजता हजर राहण्याचा हुकूम. खाली त्याने लिहिलं होतं, "जातोच आहे. गाडी दारात आलीय, गाडीतच मोबाइल काढून घेतात म्हणे. आईला सांभाळ."

ताईने फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तिने आपला मेसेज पुसला. पण पुसून काय उपयोग, त्याने वाचला होता ना! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला. रडत रडत तिने लिहिलं, "अरे, ते लंगड्यासाठी होतं रे. तुला नव्हतं. मरू नकोस, माझ्या राजा."

पाचला मोर्चा निघाला. ताई सगळ्यांच्या पुढे होती. एका हातात फलक, दुसऱ्या हातात मोबाइल. दर दहा पावलांनी ती बघत होती. मेसेजपुढे एकच खूण होती.