डब्यावरची कोरी चिठ्ठी

मी चंद्रावर जन्मलेला माणूस बोलतोय. तिथली सातवी पिढी. घाबरू नका, खरं तर मी मंगळवार पेठेत घडलो, १९७० साली, शाडू आणि कागदाच्या लगद्यातून. उंची वीतभर.

मला घडवलं यशोधरानं. ती अकरावीत होती. वडील भाऊसो शाहूपुरीत सायकली दुरुस्त करायचे. चंद्रावर वजन कमी भरतं म्हणून तिनं मला काटकुळे पाय दिले. तिथं जमिनीखाली राहायचं, म्हणून डोळे मोठे आणि रंग फिका. मला एका फळीवर उभं केलं, भोवती काड्यापेट्यांची घरं मांडली, मधोमध हवेची टाकी ठेवली आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबा, म्हणजे बारीक रबरी नळ्या, प्रत्येक घरात नेल्या. सगळ्यांना एकच हवा.

शाळेत शिपाई गुंडू माठातलं पाणी तिच्या ओंजळीत वरून ओतायचा, तांब्या हाती द्यायचा नाही. घरच्यांनी बौद्ध धर्म घेऊन चौदा वर्षं झाली होती. गुंडूच्या लेखी काही बदललं नव्हतं. टाकी तिला कुठून सुचली, ते वेगळं सांगायला नको.

शाळेच्या प्रदर्शनात जो पहिला येईल, तो आपली वस्तू घेऊन पुण्याच्या राज्य प्रदर्शनाला जाणार होता. निवडायला शाळा समितीचे नृसिंहराव आले. माझे पाय चाचपून म्हणाले, "वा! हाडं बारीक होणारच. शास्त्र आहे ते." मग बोट टाकीकडं गेलं.

"एकच? सगळ्यांना मिळून? हे काही पटत नाही, बाळ. माणूस कुठंही गेला तरी आपापलं राखूनच राहणार. दुसरी टाकी दाखव आणि खुशाल जा पुण्याला."

विज्ञानाच्या आण्णा मास्तरांवर तिचा फार जीव. ते खाली बघत म्हणाले, "एक डबाच चिकटवायचा हाय, पोरी. चिकटव की."

"चिकटवते की, सर. पण त्यातली हवा कुणासाठी, त्ये चिठ्ठीवर तुम्ही लिवा."

तिनं चिठ्ठी पुढं केली. नृसिंहराव घड्याळ बघायला लागले, मास्तर चष्मा पुसायला. चिठ्ठी फळीवर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपला तपकिरीचा डबा रिकामा केला, सरस लावून फळीच्या कडेला बसवला आणि वर तीच कोरी चिठ्ठी डकवली. मला घेऊन पुण्याला तेच गेले. तिथं परीक्षकांनी माझ्या हाडांबद्दल ढीगभर प्रश्न विचारले, दुसऱ्या टाकीबद्दल एकही नाही. पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव, तिचं कुठंच नाही! अजून आठवलं की मस्तकात तिडीक जाते. यशोधरानं ते भिंतीवर बघितलं आणि त्या दिवसापासून ती माठाकडं फिरकली नाही. पुढं शाळा संपली, ती गेली.

मी चौदा वर्षं कपाटावर धूळ खात होतो. आपला माणूस अंतराळात जाऊन आला तेव्हा पोरं नाचली. मला कुणी खाली काढलं नाही. त्याच वर्षी मास्तर निवृत्त झाले. सत्काराआधी ते एकटेच प्रयोगशाळेत आले, मला खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी डबा उपटायला लागले.

"निघ की लेका, निघ!"

डबा निघाला नाही. सरस चांगला होता. हिसक्यानं माझे पाय तेवढे मोडले. बाहेर कर्ण्यावर त्यांचं नाव पुकारलं गेलं. माझे पाय कोटाच्या खिशात घालून मास्तर शाल-नारळ घ्यायला गेले.

आता मी कपाटावर आडवा पडून असतो. तुमची नातवंडं चंद्रावर राहायला जातील म्हणतात. जावोत बापडी. त्यांचे पाय माझ्यासारखे काटकुळे होतील, त्याची मला काळजी नाही. पण त्याआधी कुणीतरी पेन घेऊन इथं या. चिठ्ठी अजून कोरीच आहे. लिहायला कुणी धजलं नाही, आणि न लिहिताही ती सगळ्यांना वाचता आली.