बाबांच्या नावाचं सभागृह

हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग.

कर्णा आमच्या खिडकीसमोरच्या खांबावर. बाबा पलंगावरून खोकत म्हणाले, "आवाज फाटतोय. सांग त्यांना."

बाबा संगीतकार. त्यांच्या नावाचा महोत्सव दरवर्षी इथं, त्यांच्याच गावात भरतो. पहिली रचना बाबाच वाजवतात. यंदा नवं सभागृह, त्यालाही बाबांचंच नाव.

मध्येच एक सांगायला हवं. हयात माणसाचं नाव सभागृहाला देता येत नाही. मला हे समितीच्या चिटणीसांनी सांगितलं, चहा फुंकता फुंकता.

"मग हे नाव कसं दिलं हो?"

"मग काय, ताई. होईल काहीतरी. बाबांचं वयही झालंच की."

आतून बाबा ओरडले, "चिटणीस, मी आहे अजून!"

"तेच तर ना, बाबा!" चिटणीस खो खो हसले.

तेव्हापासून रोज येतात. तब्येत विचारतात. बरी आहे म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं होतं.

हॅलो. रसिकांनी स्थानापन्न व्हावं.

बाबा कोट चढवून तयार.

"यंदा जायचं नाही, बाबा."

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्याशिवाय सुरुवात कशी होईल?"

"आधी मी बघून येते. तोवर हलायचं नाही." दार ओढून घेतलं.

सभागृहाच्या दाराशी दगडी पाटी, वर कापड. मी कोपरा उचलला. नाव. खाली जन्माचं साल. पुढे एक रेघ. रेघेपुढे यंदाचं साल.

"हे साल कोरायला कुणी सांगितलं?"

"समितीनं. आता खोडता यायचं नाही, ताई," पाटी कोरणारा म्हणाला. "कोरलंय."

धावत घरी. दार सताड उघडं. पलंग रिकामा, उशीवर चष्मा.

शेजारच्या काकू जिन्यात उभ्या. "अगं, चौघं आले होते. खुर्चीसकट उचललं त्यांना. काय खुशीत होते म्हणून सांगू!"

हॅलो. सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी.

कर्णा गप्प. नुसती खरखर.

मग खोकला. बाबांचा. अगदी माईकजवळ.

"आता सुरू करू का?"

खट्. माईक बंद.

मी पळत सुटले. रस्ताभर माणसं उभी होती, माना खाली घालून. वाट कुणी देईना.