खिडकीतली उडी

माझा मोठा भाऊ एका सिनेमात तीन सेकंद आहे. नायकाच्या जागी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी त्याने मारली. खाली अंथरलेल्या गाद्या चुकल्या आणि दादा जागच्या जागी गेला. दिग्दर्शकाने तो तुकडा तसाच ठेवला. वीस वर्षं झाली, दरवर्षी सिनेमा परत लागतो आणि लोक त्याच उडीवर शिट्ट्या मारतात. तो दाखवणारा ऑपरेटर कोण, तर मीच. नशीबच असलं नतद्रष्ट!

काल केबिनच्या झरोक्यातून सहज पाहिलं, तर शेवटच्या रांगेत वहिनी. उडी आली तेव्हा तोंडावर हात दाबून रडत होती. माझं डोकंच फिरलं. आज सकाळी रीळ काढलं, उडी छाटली, दोन्ही टोकं चिकटवली आणि तुकडा कोपऱ्यातल्या चहाच्या शेगडीत, निखाऱ्यांवर टाकला. घाण वास सुटला, पण मला फार बरं वाटलं.

दुपारच्या खेळाला नायक खिडकीकडे धावला आणि दुसऱ्या क्षणी थेट रस्त्यावर पळताना दिसला. थिएटर खवळलं.

"ए, आमची उडी कुठाय?"

खुर्च्या मोडल्या, पडद्यावर बाटल्या फुटल्या. तिघे दार तोडून केबिनमध्ये घुसले. एकाने माझी कॉलर धरून मला मशीनवर आपटलं, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. मीही काही कमी नाही. हाताला लागलेलं रिकामं रीळ तिसऱ्याच्या थोबाडावर असं हाणलं, की त्याचे दोन दात माझ्या बुटाशी पडले.

"भाऊ मेलाय माझा त्या उडीत!" मी बोंबललो.

त्यांनी मला सोडलं. दात पडलेल्याला धरून जिना उतरले. ते जाताच वहिनी आत आली.

"भाऊजी, तुम्ही कापलंत?"

"तुझ्यासाठीच, वहिनी. दादाचं मरण पुन्हा पुन्हा बघायला नको."

तिने खाडकन माझ्या कानाखाली वाजवली.

"मरण कोण बघतंय? उडी मारायच्या आधी ते मागे वळून बघतात. अर्धाच चेहरा, पण हलता. घरी नुसता भिंतीवरचा फोटो आहे. वीस वर्षं तेवढ्यासाठी येते मी." तिने हात पुढे केला. "द्या तो तुकडा."

मी तोंडातलं रक्त गिळलं आणि शेगडीकडे बोट दाखवलं.

ती खाली बसली आणि उघड्या हातांनी राख उपसू लागली. दुपारच्या चहाचे निखारे अजून लाल होते. मी तिचे हात धरले, तर तिने मला मारायला सुरुवात केली. मी मारू दिलं.