भिंगरीची पेशी

"किती सुंदर आहे गं, ताई!" मायक्रोस्कोपला डोळे लावून भिंगरी कुजबुजली.

दुपार होती, पण पडदे ओढल्यामुळे खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा काळोख होता. ताई भिंगरीच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी होती. ती या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. काचेच्या बशांत पेशी वाढवायच्या, त्यांचं खाणंपिणं सांभाळायचं, हे तिचं काम. कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, "कशाला? लाखो लेकरं आहेत पदरात."

भिंगरी धाकटी. पायाला भिंगरी लावल्यासारखी हुंदडायची, म्हणून घरात तेच नाव पडलं. शाळेत खेळ शिकवायची. एके दिवशी मुलींना चवड्यांवर उभं राहून दाखवायला गेली, तर टाचा जमिनीवरून सुटेचनात. मग जिने अवघड झाले, मग उंबरठे. डॉक्टरांनी तपासायला स्नायूचा बारीकसा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी इथे वाढवल्या. आज भिंगरीने हट्टच धरला होता, "माझं मला बघू दे."

ताईने लेझरने पेशीला बारीक टोचा मारला होता. भोवतीच्या पाण्यातला रंग आत शिरला की चमकतो. आता अख्खी पेशी हिरव्या उजेडाने भरून वाहत होती.

"बोल ना काहीतरी."

"भोक बुजत नाहीये गं," ताई म्हणाली. "म्हणून उजेड आत येतोय."

भिंगरी म्हणाली, "नीट सांग."

"चालता-धावताना स्नायूची पेशी थोडी फाटतेच. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, तीच हाक. ती ऐकली की आतली प्रथिनं धावत येतात, फाटल्या जागी ठिगळ लावतात. तुझ्यातही हाक जाते. पण त्यातलं एक प्रथिन तुझ्याकडे नाहीच."

"आणि तुझ्याकडे?"

तुलनेसाठी ताईनेही आपला तुकडा दिला होता. त्यातल्या पेशींची बशी तिला आज भिंगरीला दाखवायची नव्हती.

"दाखव."

ताईने बशी बदलली. टोचा मारला. पेशीच्या कडेला काजव्याएवढा ठिपका उजळला आणि तिथेच थांबला. आत सगळा शांत अंधार.

"झालं?"

"झालं."

भिंगरी खुदकन हसली. "लहानपणापासून अशीच तू. भांडण झालं रे झालं, की मिटवून मोकळी!"

ताईला हसता येईना. "माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे..."

"वेडी आहेस का? दोघींपैकी एकीकडे तरी आहे ना? परत टोच बघू."

ताईने बटण दाबलं. "आली, आली, धावली बघ!" शर्यतीतल्या मुलीला ओरडून बळ द्यावं तशी भिंगरी पुटपुटली. डोळे न हलवता तिने हात मागे नेला, चाचपडत ताईचा हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. कापडाखाली मांडी काडीसारखी वाळली होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.