मागचं चाक कुठं टेकतं

नखाएवढी जागा. निळा रंग तेवढ्यापुरताच गेलेला, आतलं ॲल्युमिनियम घासून चकाकणारं, आणि कडेला चिकटलेली रबराची बारीक काळी वळी… धनराजने ती चिमटीत चोळली आणि सायकलच्या सीटखालच्या उभ्या दांडीवरून पुन्हा अंगठा फिरवला. दांडीची मागची बाजू, चाकाच्या अगदी समोर. मध्ये दोन बोटं आरामात जात होती. म्हणजे घासायला नको. तरी घासत होतं… की नव्हतंच?

विक्की तर नाहीच म्हणाला होता. मंगळवारी सुट्टी टाकून धनराज चंद्रपूरला त्याच्या दुकानात सायकल घेऊन गेला, तेव्हा विक्कीने ती स्टँडला टांगून मागचं चाक फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं. ''कुठी घासून राह्यलं भाऊ? जुना घासा असन. सेकंडहँड घेतली ना तुमी.'' धनराजला सांगायचं होतं की टांगलेल्या सायकलीवर कुणी बसलेलं नसतं. ही दोन्हीकडे मोटरसायकलसारखी शॉकवाली, खड्ड्यात आदळली की मागचा शॉक दबतो, चाक वर दांडीकडे सरकतं, आणि चिखलासाठी आपणच बसवलेला हा जाड टायर कदाचित तेव्हाच… पण दुकानात गर्दी होती. 'बरं' म्हणून तो गडचांदूरला परत आला.

'बरं' म्हणायची त्याला सवयच लागली होती. बायको, उर्वशी, मुलीच्या शाळेसाठी नागपूरला राहायला गेली, त्याला हे चौथं वर्ष. रोज संध्याकाळी तिचा फोन. जेवले का, बरं आहे ना सगळं? बरं आहे. मागच्या रविवारीही, कोपराला हळद लावून बसलेला असताना, त्याने तेच सांगितलं.

त्या रविवारी सकाळी माणिकगडाच्या उतारावर सायकल एका दगडावरून खाली आदळली, मागून 'खर्र' झालं, क्षणभर चाक कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं आणि तो घाणेरीच्या झुडपात जाऊन पडला. फार लागलं नाही. पण उठता येत असूनही तो उठला नाही. वर सागाची पानं होती, मोबाईलला रेंज नव्हती, आणि पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, मी इथं आहे हे कुणाला कधी कळेल? संध्याकाळी फोन लागला नाही तर उर्वशी म्हणेल, शिफ्टवर असतील. सोमवारी दुपारी हजेरी लागणार नाही, तेव्हा कुणीतरी विचारेल. म्हणजे सोमवारची दुपार. त्याच्या आधी नाही. तो लगबगीने उठला. कुणी विचारलं असतं तर त्याने वाघाची भीती सांगितली असती.

म्हणून आज खरं काय ते कळायलाच हवं होतं. शॉकमधली हवा सोडली असती तर सायकल आपोआप खाली बसली असती, पण ती पुन्हा भरायचा पंप फक्त विक्कीकडे. तेव्हा धनराज अंगणात भिंतीला हात लावून सीटवर बसला आणि अंगाचं सगळं वजन टाकून उसळ्या मारू लागला. खर्र. आवाज आला… बहुतेक आला. वाकून पाहावं तर वजन पुढे जाई, शॉक मोकळा होई, आणि दोन बोटांची जागा पुन्हा जशीच्या तशी. मग त्याने मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ काढला. चाकाजवळ नुसती सावली आली होती. बाकी दिसत होता तो बनियनवरचा, पाठमोरा, टक्कल पडायला लागलेला माणूस, जागच्या जागी वरखाली होणारा. आणि त्या माणसाचा आवाज : ''दिसलं का?''

हे आपण कुणाला विचारलं?

त्याने व्हिडिओ पुसून टाकला. एक बसणारा आणि एक पाहणारा, एवढंच तर लागत होतं. कारखान्याच्या एवढ्या मोठ्या वसाहतीत दोन मिनिटं खाली बसून बघेल असा एक माणूस. तो नावं आठवत गेला, आणि प्रत्येक नावापाशी काही ना काही अडचण निघाली म्हणून तो पुढे सरकला. बाजूच्या क्वार्टरमधल्या वामनरावांचं नाव मात्र त्याने मनातही घेतलं नाही.

पौषात वामनरावांची बायको, शकुबाई, गेली, त्या सकाळी धनराज रात्रपाळी करून घरी पडला होता. मधली भिंत एका विटेची. वामनरावांची हाक ऐकू आली, ''अवं… अवं,'' मग तिसऱ्यांदा, अगदी वेगळ्याच आवाजात. तो उठला होता. चप्पलही घातली होती… हो, घातली होती. मग वाटलं, जाऊन विचारायचं तरी काय? तेवढ्यात बायकांचे आवाज आले, माणसं जमली, आणि आता इतक्या उशिरा कसं जायचं, म्हणून तो पुन्हा आडवा झाला. तेरवीच्या दिवशी वरोऱ्याला निघून गेला. तेव्हापासून नऊ महिने नळावर गाठ पडली की मान खाली.

''काय करून राह्यले जी?''

कुंपणापलीकडे वामनराव उभे होते, हातात घडी केलेला पेपर.

''काही नाई भाऊ… चाक घासते का पाहून राह्यलो. एकट्याले दिसत नाई.''

वामनराव फाटकातून आत आले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, चाकापाशी उकिडवे बसले. ''हं, बसा.''

धनराजने वजन टाकलं.

''अजून. भिंतीले नका धरू, माह्या खांद्यावर हात ठेवा. हां… टेकलं. पाहा, पुरं टेकलं!''

''नक्की?''

''अजी, मी पाह्यलो ना डोळ्यानं.''

म्हणजे आपल्याला भास झाला नव्हता. वामनराव मान वर करून त्याच्या कोपराकडे पाहत होते. ''पडले होते का?''

''मागच्या रविवारी. माणिकगडावर.''

''एकटेच?''

''हो.''

वामनराव पुन्हा चाकाकडे वळले. पातळ शर्टाखाली त्यांच्या खांद्याचं हाड लागत होतं. आता हात काढायला हवा होता.

''भाऊ, बाई गेल्या त्या दिवशी मी…'' नागपूरला होतो, शिफ्टवर होतो, नऊ महिने तयार करून ठेवलेली वाक्यं तोंडाशी आली. ''घरीच होतो.''

''मले माहीत आहे,'' वामनराव चाकाकडे बघतच म्हणाले. ''थंडीतबी तुमचा पंखा चालू होता. आवाज येते ना भिंतीतून.''

रागाने म्हणाले, की नुसतंच? काही कळेना. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पांढऱ्या केसांतला भोवरा. लाज कमी झाली नव्हती. उलट आता तिला दुसरा फाटा फुटला होता. इतके दिवस त्याला वाटत होतं, ती सकाळ आपण एकट्यानेच दाबून ठेवली आहे… आणि भिंतीपलीकडे हा माणूस रोज पंख्याचा आवाज ऐकत होता, त्यावरून मी घरी आहे की नाही ते ओळखत होता. म्हणजे गेल्या रविवारीही, रात्री पंखा वाजला नसता तर याला… धनराजला पुढचा विचार करवेना, आणि सोडवेनाही.

''अजून एकदा बसा,'' वामनराव म्हणाले, ''कोणत्या बाजूनं लागते ते पाहू द्या.''

तो बसला. सगळं वजन टाकून, हात त्यांच्या खांद्यावर तसाच ठेवून. ते सांगतील तेव्हाच उठायचं, असं त्याने ठरवलं, आणि त्यांनी इतक्यात सांगू नये असं त्याला फार वाटत राहिलं.